पारावर वाचायचा हिशेब

आबांच्या चोपडीला लाल खारव्याचं वेष्टन होतं. हाताचं तेल लागून लागून ते काळपट झालेलं. आत पिवळी पडलेली पानं आणि प्रत्येक पानावर तीन रकाने: नाव, फड, आणि पाणी कधीपासून कधीपर्यंत. गावात घड्याळं मोजकीच, त्यामुळे वेळ अशी लिहिलेली: 'कासराभर दिवसापासून भर दुपारपर्यंत', 'दिवस मावळल्यापासून कोंबडं आरवेपर्यंत'. माझे आजोबा पाटकरी होते. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठाला आमचं गाव. नदीवरच्या दगडी बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ जायचं, हे बघणं त्यांचं काम.

ज्यांनी फड पद्धत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी ती तीनशे-चारशे वर्षं चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडायचे, तो एकेक फड. एका फडात ऊस, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात गहू-हरभरा. कुठल्या फडात काय लावायचं हे दरसाल सगळे मिळून ठरवायचे. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. त्यामुळे पाऊस कमी झाला आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर झळ सगळ्यांना सारखी बसायची. शेतात पाणी सोडायचं ते पाटकऱ्याने, मालकाने नाही. मालकाने स्वतःच्या हाताने चारी फोडली तर दंड.

मी सहा-सात वर्षांची असेन. संध्याकाळी मारुतीच्या पारावर कंदील ठेवून आबा चोपडी वाचायचे. आज कुणाला पाणी गेलं, उद्या कुणाची पाळी. वाचून झालं की चोपडी मिटण्याआधी मान वर करून विचारायचे, "बठ्ठासनी आयकं ना?" म्हणजे सगळ्यांनी ऐकलं ना? एकदा त्यांनी वाचलं ते त्यांच्या सख्ख्या भावाचं नाव होतं. रात्री चारी फोडून भावाने उसाला जास्तीचं पाणी घेतलं होतं. आबांनी नाव वाचलं, दंड वाचला आणि तसेच पुढच्या नावाला गेले. दोन्ही घरांत महिनाभर बोलणं बंद होतं. आमच्या घरातली वडीलधारी मोठीमाय अजूनही ती गोष्ट सांगते. तिच्या आवाजात राग नसतो, अभिमानही नसतो. पाटकऱ्याने दुसरं काय करायचं असतं, असा तिचा सूर.

फड म्हणजे रामराज्य नव्हतं, हेही इथेच लिहून ठेवते. ज्याला जमीन नाही त्याला पाळी नाही. बायका पारावर बसत नसत, ओट्याच्या आडून ऐकत. गावकुसाबाहेरच्या लोकांच्या वाट्याला त्या चोपडीत एक ओळही नव्हती. तरी एक गोष्ट तिथे पक्की होती. सगळ्यांचं पाणी एकाला द्यायचं असेल तर ते सगळ्यांसमोर वाचूनच द्यायचं. पुढे वर लाटीपाडा धरण झालं, विहिरींवर मोटारी बसल्या, फड मोडत गेले. आबा गेल्यावर ती चोपडी माझ्याकडे धुळ्याला आली. मी हिशेब तपासण्याचं काम करते, म्हणून घरच्यांनी तिचा वारसा मला दिला असावा.

मागच्या वर्षी कपाशीची शेवटची वेचणी चालू असताना गावाकडून चुलतभावाचा फोन आला. माळावर एक पांढरी गाडी तीनदा येऊन गेली म्हणाला. दोन माणसं सातबारे मागत होती. एक तालुक्याचाच एजंट, दुसरा बाहेरचा, हिंदी बोलणारा. किती एकर, सलग आहे का, हायवेपासून किती लांब, विजेची मोठी लाइन कुठून जाते, असे त्यांचे प्रश्न. आमच्या भागाला सोलरवाल्यांची सवय आहे. साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे, त्यानंतर खासगी लोकही आले. त्यामुळे गावाला वाटलं, सोलरच असेल. एजंट मात्र चहाच्या टपरीवर कुणाला तरी बोलून गेला, "सोलर नाही भाऊ, डेटा सेंटर आहे, पण नाव सांगायचं नाही."

ही वावडीही असेल. मी तिला बातमी म्हणत नाही. जमिनीचे दलाल भाव चढवायला काहीही बोलतात. पण 'नाव सांगायचं नाही' हे तीन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

मोठीमाय ब्याऐंशीची आहे. मी गावी गेले तेव्हा भाच्याने तिला मोबाइल दाखवून समजावलं, की आपण जे फोटो पाठवतो, पैसे पाठवतो, ते सगळं कुठल्या तरी मोठ्या इमारतीतल्या मशिनींमध्ये साठतं. त्या मशिनी रात्रंदिवस चालतात आणि तापतात, म्हणून त्यांना गार ठेवावं लागतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"कितलं पानी लागी रे त्यास्ले?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. तिथून पुढचं सगळं त्या एका प्रश्नामागे मी केलेली धावाधाव आहे.

पाणी का लागतं, हे खान्देशी माणसाला वेगळं शिकवायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्या धुळ्याच्या घरातला कूलर दिवसातून दोनदा टाकी रिकामी करतो. ते पाणी गटारात जात नाही, झाडांनाही जात नाही. ताट्यांवरून हवेत उडून जातं आणि जाताना खोलीतली उष्णता घेऊन जातं. मोठ्या डेटा सेंटरच्या छतावरचे किंवा आवारातले शीतमनोरे हेच करतात, फक्त कूलरच्या हजारो पटीने. न्हाणीघराचं पाणी कुठे ना कुठे परत येतं. हे उडालेलं पाणी त्या गावाला परत मिळत नाही. पाण्याशिवायही गार करता येतं. पंखे आणि कॉम्प्रेसरने हवा खेळवायची. पण मग वीज जास्त लागते, आणि बाहेर जितकं ऊन तितकी जास्त. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा मुलखात पाणी वाचवायचं तर वीज खर्चायची आणि वीज वाचवायची तर पाणी. कंपनी यातलं काय निवडणार, हा केवळ तिचा आतला तांत्रिक प्रश्न उरत नाही. ज्या गावात ती येणार त्या गावाच्या विहिरींशी आणि डीपीशी त्याचा संबंध आहे.

विजेचं गणित मी वहीवर मांडून बघितलं. १०० मेगावॅटचं केंद्र पूर्ण भाराने चोवीस तास चाललं तर दिवसाला २४ लाख युनिट, महिन्याला ७ कोटी २० लाख युनिट. महिन्याला शंभर युनिट जाळणारं साधं घर धरलं, तर ही सात लाख वीस हजार घरांची वीज झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणमला पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतवून गिगावॅट क्षमतेचं केंद्र उभारायचं जाहीर केलं. गिगावॅट म्हणजे भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राचे ५०० मेगावॅटचे दोन्ही संच एका ग्राहकासाठी. आमच्याकडे कांद्याला बारे द्यायला रात्री दोनला उठावं लागतं, कारण लाइट तेव्हा येते. अशा माणसाला हा आकडा आधी कळायला हवा, की भूमिपूजनाच्या दिवशी?

मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, साध्या कागदावर. आमच्या तालुक्यात डेटा सेंटरसाठी जमिनीची मागणी आली आहे का, आली असल्यास किती क्षेत्र, रोजच्या पाण्याची आणि विजेची मागणी किती, पाण्याचा स्रोत कोणता दाखवलाय, आणि शासनाने काही सामंजस्य करार किंवा सवलतपत्र दिलं असल्यास त्याची प्रत. पाच प्रश्न. कार्यालयाचं नाव इथे देत नाही, कारण भांडण एका कार्यालयाशी नाही आणि त्या खुर्चीतल्या माणसाशी तर नाहीच.

एकोणतिसाव्या दिवशी खाकी पाकीट आलं. आत एकच कागद. वर जावक क्रमांक, खाली निळ्या शाईतली सही, आणि मध्ये तीन ओळी: मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाच्या वाणिज्यिक हिताशी निगडित असल्याने अधिनियमाच्या कलम ८(१)(घ) अन्वये देता येत नाही. पाच प्रश्नांना मिळून एक उत्तर. मी तो कागद उन्हात धरून दोनदा वाचला. मग लक्षात आलं, की नकारातच एक गोष्ट सांगून टाकली आहे. त्रयस्थ पक्ष आहे. कुणीच आलं नसतं तर 'माहिती निरंक' असं उत्तर आलं असतं. गावात जे टपरीवर बोललं जात होतं त्याला सरकारी कागदावर एवढाच आधार मिळाला, आणि तोही चुकून.

कलम ८(१)(घ) मी त्याआधी वाचलं नव्हतं, मग नीट वाचलं. व्यापारी गुपित, बौद्धिक संपदा, ज्याने कंपनीच्या स्पर्धेतल्या स्थानाला धक्का लागेल अशी माहिती रोखता येते. पण त्याच वाक्यात पुढे म्हटलंय, की व्यापक जनहितासाठी ती उघड करणं आवश्यक आहे असं सक्षम अधिकाऱ्याचं मत झालं तर द्यायची. कलम १० सांगतं, की कागदाचा एखादा भाग गुप्त असेल तर तेवढा झाकून बाकीचा द्या. कलम ११ प्रमाणे त्रयस्थ पक्षाला नोटीस पाठवून त्याचं म्हणणं ऐकायचं असतं, पण म्हणणं ऐकणं म्हणजे त्याचा नकार मानणं नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते कलम ४(१)(ग): लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना किंवा निर्णय जाहीर करताना सगळ्या संबंधित गोष्टी सरकारने आपणहून प्रसिद्ध करायच्या. कुणी मागायची वाट बघायची नाही. २००५ पासून हे छापलेलं आहे. त्याच्याही आधी महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, २००२ चा. आपण या बाबतीत मागे राहिलेलं राज्य नव्हतो.

माझ्या सगळ्या हट्टाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मशिनी कुठल्या, त्यांची रचना कशी, त्यांच्यावर कुणाचा डेटा, हे कंपनीचं. ते तिने खुशाल झाकून ठेवावं, मला त्यातलं काही नको. पण नदीचं पाणी, गावाची गायरानं, महावितरणची लाइन, माफ केलेला कर हे कंपनीच्या घरचं नाही. ते सरकारच्याही घरचं नाही. सरकार इथे पाटकरी आहे. पाटकऱ्याने कुणाला किती सोडलं हे पाणी घेणाऱ्याचं गुपित कसं होईल?

हा प्रश्न आमच्याच वाट्याला आलाय असं नाही. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी द डॅल्स नावाचं पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव आहे, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. गूगल तिथे २००६ च्या सुमारास आली ती स्वतःच्या नावाने आली नाही, 'डिझाइन एलएलसी' असं एक अनोळखी नाव पुढे करून आली. स्थानिक अधिकाऱ्यांनी गुप्ततेच्या करारावर सह्या केल्या. पंधरा वर्षांनी 'द ओरेगोनियन' या वर्तमानपत्राने नगरपालिकेकडे मागितलं ते इतकंच, की या केंद्रांना वर्षाला किती पाणी जातं? जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने आकडा द्यायचा आदेश दिला. तर तो देऊ नये म्हणून नगरपालिकाच वर्तमानपत्राविरुद्ध कोर्टात गेली. पाण्याचा आकडा हे कंपनीचं व्यापारी गुपित, असं त्यांचं म्हणणं. खटला वर्षाहून जास्त चालला. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि आकडा बाहेर आला: २०२१ मध्ये ३५ कोटी ५० लाख गॅलन, म्हणजे साधारण १३४ कोटी लिटर. गावाच्या एकूण पाण्याचा चौथ्या हिश्शाहून जास्त. पाच वर्षांत जवळजवळ तिप्पट.

ते दिवसाला ३७ लाख लिटरच्या आसपास पडतं. आपल्याकडे जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरलेत. त्या हिशेबाने ही ६७ हजार माणसांची रोजची गरज झाली.

आकडा बाहेर आल्यावर काय झालं, हे मला जास्त बोलकं वाटतं. आभाळ कोसळलं नाही. केंद्रं बंद पडली नाहीत, कंपनी गाव सोडून गेली नाही. त्याच सुमारापासून गूगल स्वतःच आपल्या एकेका केंद्राच्या पाणीवापराचे आकडे प्रसिद्ध करू लागली. ज्याला व्यापारी गुपित म्हणून कोर्टात सांगितलं जात होतं, ते उघड झाल्याने धंद्याचं काही बिघडलं नाही.

उरुग्वेत तर २०२३ मध्ये राजधानीच्या नळांना खारट पाणी येत होतं, इतका दुष्काळ. तिथे होऊ घातलेल्या केंद्राला किती पाणी लागेल हे पर्यावरण मंत्रालय सांगेना. एक संशोधक कोर्टात गेला आणि कोर्टाच्या आदेशाने आकडा मिळाला, रोज ७६ लाख लिटर. नंतर कंपनीने आराखडा बदलला, पाण्याऐवजी हवेने गार करायचं ठरवलं. म्हणजे दुसरा मार्ग होता. आकडा लोकांसमोर येईपर्यंत तो कुणी घेतला नव्हता. ॲरिझोना हे वाळवंटी राज्य. तिथल्या टूसॉन शहरात 'प्रोजेक्ट ब्लू' अशा टोपणनावाने एक प्रकल्प आला. अधिकारी गुप्ततेच्या कराराने बांधलेले, लोकांना कंपनीचं नावसुद्धा माहीत नाही. स्थानिक पत्रकारांनी सरकारी कागदांतून ॲमेझॉनचं नाव शोधून काढलं. सभागृहं लोकांनी भरून गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नगर परिषदेने तो एकमताने नाकारला. माझा अंदाज असा, की पहिल्या दिवशी नाव आणि पाणी सांगितलं असतं तर कदाचित बोलणी होऊ शकली असती. लपवलेलं सापडलं की त्यानंतर खरं सांगितलं तरी कुणी ऐकत नाही.

इथे विखरणची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

विखरण शिंदखेडा तालुक्यात आहे, आमच्या गावाहून फार लांब नाही. दोंडाईच्याजवळ वीज प्रकल्प होणार म्हणून तिथल्या जमिनी घेतल्या. धर्मा पाटील यांच्या पाच एकरांना चार लाखांच्या आसपास मोबदला ठरला. शेजारच्या, त्याहून कमी जमिनीला कोटीच्या वर गेला. हा फरक कसा पडला, माझ्या आंब्याच्या बागेची नोंद पंचनाम्यात कुठे आहे, हे विचारत तो म्हातारा माणूस वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढला. २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात त्यांनी विष घेतलं. २८ जानेवारीला गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

त्यावेळी सगळीकडे मोबदल्याच्या रकमेची चर्चा झाली. माझ्या मनात राहिला तो त्यांचा प्रश्न. हा आकडा कसा काढला ते दाखवा, एवढंच ते विचारत होते. भरपाईचा तक्ता त्या गावात, त्या पारावर, सगळ्यांच्या देखत गटवार वाचून दाखवला असता, कुणाच्या गटात किती झाडं आणि किती विहिरी धरल्या ते, तर चूक तिथेच दिसली असती आणि तिथेच कुणीतरी हात वर केला असता. खान्देशात कुठल्याही प्रकल्पाचं नाव निघालं की म्हातारी माणसं गप्प होतात. ते विकासाला विरोध म्हणून नव्हे. त्यांना विखरण आठवतं.

सरकारची बाजू मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. एक ओळखीचे निवृत्त अधिकारी आहेत, सज्जन माणूस. ते म्हणाले, "ताई, नाव आधी फुटलं की जमिनीचे भाव रातोरात चढतात. कंपनी गुजरातला निघून जाते. मग तुम्हीच म्हणता रोजगार गेला." यात तथ्य आहे. नवापूरपासून पुढे दहा मिनिटांत गुजरात लागतं, ही स्पर्धा आमच्या डोळ्यांपुढची आहे. व्यवहार होईपर्यंत जमिनीचा देऊ केलेला भाव झाकून ठेवा, माझी हरकत नाही. पण रोज किती लिटर पाणी लागेल हा आकडा सांगितल्याने जमिनीचा भाव कसा चढतो? आणि भाव चढण्याच्या भीतीने गुप्तता ठेवायची तर ती पाळली तरी जाते का? पांढऱ्या गाडीतल्या एजंटाला ठाऊक होतं. त्याने ज्यांना सांगितलं त्यांनी माळाशेजारची जमीन घेऊन ठेवल्याचं आता गावात बोलतात. अंधारात राहिला तो फक्त ज्याची जमीन आहे तो, आणि मोठीमाय.

रोजगाराचंही तसंच. बांधकाम चालू असताना हजारो हात लागतात, हे खरं. इमारत उभी राहिली की आत मशिनी असतात. कायमची माणसं त्या मानाने थोडीच. गोडेतेलाच्या गिरणीत किंवा जळगावच्या डाळ मिलमध्ये जितकी माणसं एका छताखाली दिसतात तशी गर्दी तिथे नसते. याचा अर्थ डेटा सेंटर नको असा मी काढत नाही. मी रोज सकाळी मोबाइलवरून दूधवाल्याचे पैसे देते, माझ्या अशिलांची विवरणपत्रं ऑनलाइन भरते. हे कुठे तरी साठायलाच हवं. २०२२ च्या अर्थसंकल्पात केंद्राने डेटा सेंटरला पायाभूत सुविधांचा दर्जा दिला, राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणातही त्यांच्यासाठी सवलती आहेत. द्या. पण माफ केलेला रुपया हा खर्च केलेलाच रुपया असतो, हे माझ्या धंद्यातलं पहिलं कलम आहे. शाळेच्या खोलीवर दहा लाख खर्च झाले तर त्याची पाटी लागते. मग माफ केलेल्या शुल्काची पाटी का नको?

शिवाय लोकांना तोंड उघडायची जागाही इथे जवळपास नाही. औष्णिक केंद्र किंवा खाण यायची असेल तर जनसुनावणी होते, तंबू ठोकून का होईना. पण २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत इमारत बांधकामाच्या वर्गाला जनसुनावणीतून सूट आहे, आणि डेटा सेंटर कागदावर इमारतच ठरतं. रहिवासी संकुल आणि शेकडो मेगावॅट खाणारं केंद्र एकाच रकान्यात. सुनावणी नाही, करार दिसत नाही, अर्जाला तीन ओळींचं उत्तर. मग माणसाने विचारायचं कुठे?

धरणांच्या पाण्याचं हे याआधीही झालंय, म्हणून माझा जीव जास्त कासावीस होतो. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रम उद्योगाला दिला होता, शेती तिसरी. त्या वर्षांत मंत्र्यांच्या एका उच्चाधिकार समितीने कित्येक धरणांचं सिंचनासाठी ठेवलेलं पाणी शहरांना आणि उद्योगांना वळवलं. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला याचा पत्ता नव्हता. कालव्याला पाणी कमी का येतं हे त्याला कळत नव्हतं, तो पावसाला दोष देत होता. पुण्याच्या प्रयास या संस्थेने माहिती अधिकारात कागद मिळवून अभ्यास केला तेव्हा ते उजेडात आलं. २०११ मध्ये क्रम बदलला आणि शेती दुसऱ्या जागी आली. कागद बाहेर आले नसते तर हे बदललं असतं का, मला शंका आहे. आणि तोवर जी पाळी गेली ती गेलीच. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोअर किती खोल गेलेत हे तिथल्या माणसाला विचारा. जमिनीखालचं पाणी परत भरायला तापीवर महापुनर्भरणाची मोठी योजना आखावी लागते आहे. अशा जिल्ह्यांत पाण्याचा प्रत्येक नवा वाटेकरी सगळ्यांना माहीत असायला हवा.

मी पहिलं अपील केलं. त्यात लिहिलं, की भाव झाका, यंत्रांची माहिती झाका, कलम १० वापरा, पण लिटर आणि मेगावॅट द्या. आणि २००५ च्या मूळ कायद्यात कलम ८(१) च्या शेवटी असलेली ओळ उतरवली: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. सुनावणी सात-आठ मिनिटं चालली. अपिलीय अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं, प्यायला पाणी विचारलं, आणि आधीचं उत्तर कायम ठेवलं. उठताना हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आम्हालाही वरून पूर्ण कागद येत नाहीत." ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यामुळे मला अधिकच काळजी वाटली. चोपडी पाटकऱ्याच्याच हातात नसेल तर पारावर वाचणार काय?

दुसरं अपील माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे टाकलंय.

१ मेच्या ग्रामसभेला मी मुद्दाम गावी गेले. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकलेल्या, ऊन रणरणतं, कोरम जेमतेम. घरकुलांची यादी झाली, गटारीचं झालं. मोठीमाय खांबाला टेकून बसली होती. 'ऐनवेळचे विषय' आले तेव्हा ती उठली नाही, बसल्या बसल्याच बोलली. माळावर जे होणार म्हणताय त्याला पाणी किती लागणार आणि ते कुठून उचलणार, हे गावाला आधी सांगा. सरपंच म्हणाले, मोठीमाय, अजून आपल्याकडे काही आलंच नाहीये. ती म्हणाली, आल्यावर नाही, आधी. मागे बसलेली चार पोरं हसली, मग गप्प झाली. दोघा-तिघांनी "बरोबर शे" म्हटलं. मग बायकांच्या बाजूने बरेच आवाज आले.

ग्रामसेवकाने इतिवृत्ताच्या वहीत लिहून घेतलं. मी शेजारी उभी राहून बघत होते. रेघा मारलेली लांब वही, निळं बॉलपेन, आणि अक्षर आबांसारखंच थोडं उजवीकडे कललेलं. 'मौजे हद्दीत कोणताही मोठा प्रकल्प प्रस्तावित झाल्यास त्यास लागणारे दैनंदिन पाणी, पाण्याचा स्रोत, वीज व जमीन यांची माहिती करारापूर्वी ग्रामसभेत वाचून दाखविण्यात यावी. सूचक, अनुमोदक. सर्वानुमते मंजूर.' सूचक म्हणून मोठीमायने सही केली. सही करायला ती साठीनंतर शिकली. तिला वेळ लागतो. सगळे थांबून राहिले.

ठरावाची नक्कल मी अपिलाला जोडली आहे. नाशिकची तारीख अजून आलेली नाही.